सर्व्हरला कायमची लावलेली हार्डडिस्क

नवीन संस्थेचं काम हातात आलं की सर्व्हरच्या खोलीत शिरल्यावर मी आधी बॅकअपची हार्डडिस्क कुठे आहे ते बघते. बहुतेक ठिकाणी ती सर्व्हरच्या मागे यूएसबीला लावलेली असते. वर्षानुवर्षं तिथेच. रोज रात्री ठरलेल्या वेळी बॅकअप आपोआप तिच्यावर जातो, सकाळी हिरवी टिक दिसते आणि व्यवस्थापक निर्धास्त असतात. "मॅडम, आमचा बॅकअप एक दिवस चुकलेला नाही," असं ते मनापासून सांगतात आणि ते खरंही असतं. पण ज्या रात्री रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, त्या सर्व्हरवर चढेल, त्या रात्री त्याला सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह आणि ही ई ड्राइव्ह यांत काहीही फरक दिसणार नाही. तिन्हींवर लिहिता येतं, म्हणून तिन्ही कुलूपबंद होतील. मूळ डेटा आणि त्याची प्रत एकाच फटक्यात जातील.

सांगली, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यातल्या काही पतसंस्था, खासगी हॉस्पिटलं आणि एक दूध संघ यांचे सर्व्हर मी सांभाळते. मोठ्या शहरातल्या बँकांसारखं इथे सुरक्षेचं वेगळं खातं नसतं. एक लिपिक, जो "कॉम्प्युटरचं बघतो", आणि बाहेरून येणारी मी. इतक्या कमी हातांत काय आधी करायचं हे ठरवावं लागतं, आणि माझं ठरलेलं आहे. संस्थेच्या डेटाची निदान एक प्रत अशी पाहिजे की जिला संस्थेतल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून, कुठल्याही पासवर्डने, अगदी माझ्या पासवर्डनेसुद्धा पुसता येणार नाही. आणि ती प्रत प्रत्यक्ष चालवून, जुळवून पाहिलेली पाहिजे. फायरवॉल, अँटिव्हायरस, अपडेट हे सगळं करायचंच. पण ते सगळं हरल्यावर हातात काय उरतं, यावर सोमवारी सकाळी काउंटर उघडतो की नाही ते ठरतं.

डेटा जाणं म्हणजे काय हे आमच्या भागाला वेगळ्या वाटेने कळलेलं आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तळमजल्यावरचे सर्व्हर बुडाले आणि ज्यांनी बॅकअपची डिस्क त्याच खोलीतल्या कपाटात ठेवली होती त्यांची डिस्कही बुडाली. त्यानंतर लोक शहाणे झाले. सर्व्हर वरच्या मजल्यावर गेले, एक डिस्क दुसऱ्या शाखेत जाऊ लागली. २०२१ ला पाणी पुन्हा चढलं तेव्हा त्याचा उपयोग झाला. म्हणून संचालकांच्या बैठकीत "प्रत दुसऱ्या ठिकाणी का ठेवायची" हे मला समजावून सांगावं लागत नाही. समजावावं लागतं ते पुढचं. पूर तुमचा बॅकअप शोधत येत नाही. हल्ला करणारा माणूस आधी बॅकअपच शोधतो.

त्याचं काम साधारण कसं चालतं ते सांगते, कारण हे कळल्याशिवाय बाकीचं पटत नाही. आत शिरायच्या वाटा फार थोड्या आणि ओळखीच्या असतात. घरून काम करता यावं म्हणून सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा ठेवलेला, ३३८९ नंबरचा पोर्ट. पासवर्ड संस्थेचं नाव आणि पुढे स्थापनेचं साल. किंवा बिल म्हणून आलेली एखादी फाइल कुणीतरी उघडते. किंवा वर्षानुवर्षं अपडेट न केलेला राउटर. आत आल्यावर तो लगेच काही करत नाही. शांतपणे फिरतो, ॲडमिनचा पासवर्ड मिळवतो, बॅकअपचं सॉफ्टवेअर कुठलं आहे आणि प्रती कुठे पडतात ते बघतो. मग त्या प्रती पुसतो. विंडोज स्वतःहून फाइलींच्या जुन्या अवस्था जपून ठेवतं, त्या एका ओळीच्या कमांडने उडवतो. हे सगळं उरकल्यावर, शक्यतो जोडून सुट्टी बघून, शेवटचं बटण दाबतो. तुम्हाला जे दिसतं ते शेवटचं बटण. त्याच्या आधी तो तुमच्या घरात राहून गेलेला असतो.

भिंतीवर लावलेला छोटा नॅस बॉक्स, म्हणजे नेटवर्कला जोडलेली फाइली साठवायची पेटी, हीसुद्धा यातून सुटत नाही. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने क्यूनॅप कंपनीच्या नॅस बॉक्सवरच नेम धरला होता. जे बॉक्स इंटरनेटवर उघडे होते त्यांच्यातल्या फाइली तिथल्या तिथे कुलूपबंद झाल्या. बॅकअपसाठी आणलेली पेटीच हल्ल्याचं लक्ष्य. म्हणून नॅस घेतला की तो घरातल्याच नेटवर्कवर ठेवायचा, बाहेरून दिसता कामा नये, आणि आपली एकमेव प्रत त्याच्यावर ठेवायची नाही.

संचालकांना मी नेहमी मर्स्क या जहाज कंपनीचं सांगते, कारण त्यातला एक धागा थेट न्हावा शेव्यापर्यंत येतो. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा प्रोग्राम युक्रेनमध्ये सुटला. तिथे कराचे हिशेब भरायला वापरलं जाणारं एम. ई. डॉक नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्याच्या अपडेटमधूनच तो पसरवला गेला. म्हणजे ज्यांनी इमानदारीने अपडेट घेतलं त्यांच्याकडे तो आला. दिसायला खंडणीची मागणी, पण आत डेटा परत मिळण्याची सोयच नव्हती. पैसे भरूनही काही मिळालं नसतं. मर्स्कच्या जाळ्यात तो शिरला आणि जगभरातली तिची कार्यालयं आणि बंदरं ठप्प झाली. आपल्याकडे न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं याच गटाचं टर्मिनल त्यात सापडलं, कामकाज हाताने चालवावं लागलं, कंटेनर तुंबले. पुढे जानेवारी २०१८ मध्ये दावोसला कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितलं की ४,००० सर्व्हर, ४५,००० कॉम्प्युटर आणि २,५०० ॲप्लिकेशन दहा दिवसांत नव्याने उभी करावी लागली. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

पण मी जे सांगते ते या आकड्यांसाठी नाही. त्यांच्याकडे कर्मचाऱ्यांच्या लॉगिनची आणि अधिकारांची सगळी नोंद ठेवणारे डोमेन कंट्रोलर होते, जगभर पसरलेले, सुमारे दीडशे. प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याशी सतत जुळवून घेणारा. कुणाच्याही मनात येईल की दीडशे प्रती आहेत, आता काय होणार? एकाच झटक्यात सगळे पुसले गेले. कारण ती दीडशे ठिकाणं एकमेकांना जोडलेली होती. एकच उरला, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो सर्व्हर बंद होता. तिथला इंटरनेटचा वेग इतका कमी की तो डेटा इंग्लंडला पाठवायला दिवसच्या दिवस गेले असते. घानाच्या माणसाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी ती डिस्क नायजेरियापर्यंत एका माणसाने नेली, तिथल्या विमानतळावर दुसऱ्याच्या हातात दिली, आणि त्याने ती लंडनला पोचवली. जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक पुन्हा उभी राहिली ती वीज गेल्यामुळे बंद पडलेल्या एका मशिनवरून.

लोडशेडिंगवर भरवसा ठेवून संस्था चालवता येत नाही. पण त्या मशिनमध्ये जे घडलं ते मुद्दाम घडवता येतं: एक प्रत, जी हल्ल्याच्या क्षणी जोडलेलीच नव्हती.

आता प्रत्यक्ष काय करते ते. फोटोग्राफर पीटर क्रो यांनी मांडलेला ३-२-१ चा नियम या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. पूर, आग, डिस्क जळणं यांना तो पुरतो. हल्ल्याला तो एकटा पुरत नाही, म्हणून मी त्यात एक अट घालते. एक प्रत सुटी पाहिजे. पतसंस्थेत ही सुटी प्रत म्हणजे दोन बाहेरच्या हार्डडिस्क, आलटून पालटून. एक सोमवारी लावायची, बॅकअप झाला की काढायची, कुलपात. दुसरी पुढच्या आठवड्यात, आणि ती रात्री दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत. दोन्ही एकाच वेळी सर्व्हरला लागता कामा नयेत, हे लिपिकाला मी पुन्हा पुन्हा सांगते. लावलेल्या डिस्कवर हल्ला झाला तरी दुसरी हातात राहते, फार तर आठवड्याभराची जुनी.

जिथे पैसे थोडे जास्त आहेत, म्हणजे हॉस्पिटलमध्ये, तिथे वेगळा बॅकअप सर्व्हर आहे. तो सर्व्हर संस्थेच्या डोमेनमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या लॉगिनच्या सामाईक व्यवस्थेत, नाही. त्याचा ॲडमिन वेगळा, पासवर्ड वेगळा, आणि तो पासवर्ड कुठल्याही कॉम्प्युटरवर सेव्ह केलेला नाही. मुख्य सर्व्हरला त्याच्यावर काही लिहायची परवानगीच नाही. बॅकअप सर्व्हर स्वतः येऊन डेटा ओढून नेतो. दिशा उलटी केल्याने फार फरक पडतो. मुख्य सर्व्हर हातात आलेल्या माणसाला बॅकअप सर्व्हरचं दार उघडण्याची किल्लीच सापडत नाही. त्याच्या जोडीला क्लाउडवर एक प्रत जाते, तिला ठरावीक दिवसांचं कुलूप लावलेलं असतं. त्या मुदतीत ती बदलताही येत नाही आणि पुसताही येत नाही, खातं ज्याच्या नावावर आहे त्यालासुद्धा.

"क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे" हे वाक्य मी फार ऐकते. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाची कंपनी होती, प्रोग्रामर लोकांचा कोड सांभाळणारी. तिचं सगळं ॲमेझॉनच्या क्लाउडवर होतं, बॅकअपसुद्धा त्याच खात्यात. कुणीतरी त्या खात्याच्या नियंत्रणात शिरला, पैसे मागितले, आणि कंपनीने खातं परत ताब्यात घ्यायचा प्रयत्न केल्यावर डेटा आणि बॅकअप दोन्ही पुसत सुटला. काही तासांत बहुतेक सगळं गेलं. कंपनी बंद झाली. तिथे तंत्र कमी नव्हतं. डेटा आणि बॅकअप एकाच किल्लीखाली होते, एवढंच.

आपल्या छोट्या बँका आणि पतसंस्था आता झपाट्याने सेवा पुरवठादारांच्या क्लाउडवर चालल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न आपल्या अगदी दारात आला आहे. जुलै २०२४ च्या शेवटी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँका तिच्या यंत्रणेवर होत्या. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिला पेमेंटच्या जाळ्यातून वेगळं काढलं आणि त्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार अडले. त्या बँकांनी स्वतः काही चुकीचं केलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक करारात एक कलम घालायचा आग्रह धरते: पुरवठादाराने ठरलेल्या दिवशी आमच्या डेटाची पूर्ण प्रत आम्हाला द्यायची, उघडता येईल अशा स्वरूपात. यावर पुरवठादार कुरकुर करतात. करू देत. ठेवीदारांच्या ठेवीची नोंद संस्थेची आहे, सॉफ्टवेअर कंपनीची नाही.

आता चाचणीबद्दल, कारण सगळ्यात जास्त डेटा इथे जातो. गिटलॅब ही प्रोग्रामर लोकांचा कोड सांभाळणारी कंपनी तुम्ही प्रोग्रामिंगमध्ये नसलात तरी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री दमलेल्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. हल्ला नव्हता, हातून घडलं. सुमारे ३०० जीबी डेटा काही सेकंदांत गेला. मग बॅकअप शोधायला गेले तर पाच वेगवेगळ्या पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. रोजचा बॅकअप तर होतच नव्हता, कारण बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा. तो रोज अयशस्वी व्हायचा आणि तसं कळवणाऱ्या ईमेलही त्यांच्या यंत्रणेकडून नाकारल्या जात होत्या. वाचले ते एका सहा तास जुन्या प्रतीमुळे, जी वेगळ्याच कामासाठी घेतलेली होती. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, भर चौकात लिहून टाकलं. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांचा मनापासून आदर आहे. जगातले उत्तम इंजिनिअर जिथे आहेत तिथे हे होऊ शकतं तर आपल्या हिरव्या टिकवर किती विसंबायचं?

म्हणून मी रंगीत तालीम घेते. एका पतसंस्थेत पहिल्यांदा घेतली ती आठवते. दुसरा शनिवार होता, सुट्टी, म्हणून काउंटरवर कुणी नव्हतं. संस्थेचा नेहमीचा सर्व्हर बंद केला. एक जुना कॉम्प्युटर आणला, त्याला नेटवर्कची वायर लावली नाही. तिजोरीतली, आदल्या रात्रीच्या बॅकअपची डिस्क मागवली. "समजा सर्व्हर गेला. आता काल संध्याकाळपर्यंतची संस्था या मशिनवर उभी करा," एवढंच सांगितलं. लिपिकाने विंडोज चढवलं, डेटाबेसचं सॉफ्टवेअर चढवलं, बॅकअपची फाइल उतरवली. डेटाबेस उघडला. सगळ्यांचे चेहरे खुलले. मग मी शुक्रवारी दिवसअखेर छापलेली तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांचा गोषवारा, मागितली. पडद्यावरची तेरीज आणि कागदावरची तेरीज ओळीने जुळवत गेलो. ठेवी, कर्ज, सोने तारण, हातातली रोख. पैशाला पैसा जुळला.

तिथे थांबलो असतो तर तालीम यशस्वी म्हणून सही झाली असती. मी म्हटलं, आता एका सभासदाचं पैसे काढण्याचं व्हाउचर पास करून बघू. खातं उघडलं, शिल्लक दिसली, सहीची चौकट मात्र रिकामी. दुसरं खातं, तीच चौकट, तीही रिकामी. सह्यांचे नमुने आणि सभासदांचे फोटो डेटाबेसमध्ये नव्हतेच. सॉफ्टवेअर बसवताना कुणीतरी ते डी ड्राइव्हवरच्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले होते आणि ते फोल्डर आजवर एकदाही बॅकअपमध्ये आलेलं नव्हतं. सोने तारणातल्या दागिन्यांचे फोटोही तिथेच. म्हणजे खरोखर सर्व्हर गेला असता तर हिशेब परत आला असता, पण समोर उभ्या माणसाची सही कशाशी ताडून बघायची? हजारो सभासदांना बोलावून नव्याने नमुने घ्यायचे? लगोलग दुसरी अडचण निघाली. सॉफ्टवेअरचा परवाना जुन्या सर्व्हरच्या मशिन क्रमांकाला बांधलेला होता. नव्या मशिनवर छापाईचा भाग उघडेचना. पुरवठादाराला फोन लावला तर शनिवारी कुणी उचलेना.

या दोन्ही गोष्टी हिरव्या टिकमध्ये कधीच दिसल्या नसत्या. त्या दिवसापासून सहीचं फोल्डर बॅकअपमध्ये आहे, पुरवठादाराकडून आणीबाणीच्या परवान्याचं लेखी पत्र आहे, आणि त्यांच्या एका माणसाचा सुट्टीच्या दिवशी लागणारा नंबर आहे.

त्याच तालमीत पिग्मीचा प्रश्न आला, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बॅकअप रात्री होतो. हल्ला संध्याकाळी पाचला झाला तर त्या दिवसाचा सगळा व्यवहार गेला. किती व्यवहार गमावलेला संस्थेला परवडेल, हा निर्णय तंत्रज्ञाचा नाही, संचालक मंडळाचा आहे. पिग्मी एजंट दिवसभर बाजारात फिरतात, भाजीवाल्यांकडून, टपरीवाल्यांकडून पन्नास-शंभर रुपये गोळा करतात, हातातल्या मशिनमधून पावती देतात. त्या माणसाकडे पावतीची कागदी पट्टी असते आणि काही दिवसांत तिच्यावरची शाई उडते. त्याची ठेव कुठेतरी दुसरीकडे नोंदलेली राहावी, ही आपली जबाबदारी आहे. त्या संस्थेने ठरवलं: दुपारी एक बॅकअप, दिवसअखेरीला एक, आणि एजंटांच्या मशिनमधला डेटा दुसऱ्या दिवशीचं काम सुरू होईपर्यंत पुसायचा नाही. शिवाय काउंटरची कीर्द, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांची नोंद, रोज छापून ठेवायची. कागद वाचवण्याच्या मोहिमेत काही संस्थांनी ती छपाई बंद केली आहे. मी म्हणते, चार पानं छापा.

प्रत नीट असली की संस्था कशी उभी राहते याचं उदाहरण दिल्लीच्या एम्समध्ये आहे. २३ नोव्हेंबर २०२२ ला सकाळी तिथले सर्व्हर बंद पडले. सरकारने नंतर संसदेत सांगितलं की पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला, आणि नेटवर्कचे नीट वेगळे भाग पाडलेले नसल्यामुळे हे घडलं. बाह्यरुग्ण विभाग, प्रयोगशाळा, दाखले, बिलं, सगळं सुमारे दोन आठवडे कागदावर चाललं. तरी ई-हॉस्पिटल या रुग्णनोंदीच्या यंत्रणेचा डेटा परत मिळाला, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून वाचला होता. मी ज्या हॉस्पिटलांचं बघते तिथे यातून दोन कामं केली. एक्स-रे आणि सीटी स्कॅनची मशिनं, बिलिंग आणि पाहुण्यांचं वायफाय आता तीन वेगळ्या नेटवर्कवर आहेत. आणि प्रत्येक वॉर्डात कोऱ्या केसपेपरचे, लॅब मागणीचे गठ्ठे ठेवले आहेत. सिस्टर लोकांनी ते लगेच मान्य केलं. त्यांना कागदावर काम करता येतं, फक्त कागद लागतो.

बॅकअप असूनही अडकणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण ब्रिटिश लायब्ररीचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऱ्हायसिडा नावाच्या टोळीने तिच्यावर हल्ला केला. डिजिटल संग्रहाच्या प्रती सुरक्षित होत्या. पण त्या उतरवायच्या कशावर? जुनी सॉफ्टवेअरं नव्या सर्व्हरवर चालत नव्हती, काहींचे पुरवठादार त्यांना आधार देईनासे झाले होते. त्यामुळे महिनोन्महिने सेवा पूर्ववत झाल्या नाहीत. आपल्याकडे जुन्या विंडोजवर चालणारं, ज्याचा बनवणारा आता फोन घेत नाही असं एकही सॉफ्टवेअर नाही, अशी संस्था मला दाखवा. अशा सॉफ्टवेअरची फक्त फाइल जपून भागत नाही. इन्स्टॉलेशनची सीडी किंवा सेटअप, चालणारं एक पूर्ण मशिन, परवाना हे सगळं एकत्र जपावं लागतं.

याच लायब्ररीकडून सुमारे ६०० जीबी डेटा चोरून टोळीने नंतर उघड केला. इथे बॅकअप काहीच करू शकत नाही. चोरीला गेलेली गोष्ट परत उतरवून चोरी मिटत नाही. हल्ली बहुतेक टोळ्या कुलूप लावायच्या आधी डेटा उचलतात आणि दोन्हीकडून धमकी देतात. यावर माझ्याकडे एकच खरा उपाय आहे: जे लागत नाही ते ठेवू नका. सभासदाच्या आधार कार्डाची रंगीत स्कॅन प्रत तीन फोल्डरमध्ये, एक व्यवस्थापकांच्या ईमेलमध्ये आणि एक व्हॉट्सॲपवर कशाला? शेवटचे चार आकडे सोडून बाकी झाकलेलं आधार चालत असेल तिथे तेच घ्या. बंद झालेल्या कर्जांची कागदपत्रं कायद्याने जितकी वर्षं ठेवायची तितकी ठेवा, मग काढून टाका. बॅकअपच्या डिस्कला स्वतःचं कुलूप लावा, म्हणजे डिस्क रिक्षात विसरली तरी आतलं कुणाला वाचता येणार नाही. त्या कुलपाची किल्ली मात्र सर्व्हरवर नको. बंद पाकिटात, दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या घालून, बँकेच्या लॉकरमध्ये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आकडा मोठा आहे, पण मला त्याहून जास्त वाटतं ते हॉस्पिटलमधल्या एखाद्या बाईचा तपासणी अहवाल अनोळखी लोकांनी वाचण्याचं. त्याला भरपाई नाही.

हल्ला झाल्याचं दिसलं की पहिल्या तासात काय करायचं, ते मी प्रत्येक संस्थेत एका कागदावर छापून सर्व्हरच्या खोलीच्या दारामागे चिकटवते. कॉम्प्युटरवर ठेवलेला हा कागद त्या दिवशी उघडणार नाही. पहिली ओळ: नेटवर्कची वायर काढा. दुसरी: बॅकअपची कुठलीही डिस्क लावू नका. घाबरून लोक आधी तेच करतात, "बघू, बॅकअप आहे का" म्हणून सुटी डिस्क आणून त्याच मशिनला लावतात, आणि शेवटची प्रतही देऊन बसतात. तिसरी: फॉरमॅट मारू नका. कसा शिरला हे त्या मशिनवरच लिहिलेलं असतं, आणि ते न कळता परत उभं केलं तर तो त्याच वाटेने पुन्हा येतो. मग सर्ट-इनला, म्हणजे अशा हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, कळवायचं. एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. पैसे गेले असतील तर १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. त्याखाली माणसांची नावं आणि फोन नंबर, अध्यक्षांपासून सॉफ्टवेअरवाल्यापर्यंत.

खंडणी द्यावी का, हे त्या कागदावर नाही, पण विचारतात सगळे. मी नाही म्हणते. पैसे देऊन किल्ली मिळेलच असं नाही, मिळाली तर चालेलच असं नाही, आणि दिलेल्या पैशातून पुढचं हॉस्पिटल बंद पडतं. त्याआधी 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर बघावं. युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये ते सुरू केलं, आणि काही जुन्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. कुलूपबंद झालेली डिस्क फेकून देऊ नये, बाजूला ठेवावी. काही वेळा किल्ली पुढे कधीतरी सापडते.

खर्चाबद्दल. पतसंस्थेच्या पातळीवर यातलं बहुतेक काम दोन हार्डडिस्क, एक जुना कॉम्प्युटर आणि वर्षातले काही शनिवार एवढ्यात होतं. महाग आहे ती शिस्त. डिस्क काढून तिजोरीत ठेवणारा माणूस रजेवर गेला की ती लावलेलीच राहते. म्हणून डिस्कची नोंद आता तिजोरीच्या किल्ल्यांच्या रजिस्टरमध्येच होते, बाहेर काढली कधी, आत गेली कधी, दोन सह्या. रोख मोजताना ते रजिस्टर उघडतंच, वेगळी आठवण लागत नाही. अंतर्गत लेखापरीक्षकांनाही मी सांगून ठेवलं आहे की रोख शिल्लक तपासताना डिस्क कुठे आहे तेही विचारा. ते विचारतात.

पुढची तालीम दिवाळीनंतर आहे. या वेळी मी सांगलीत असेन, पण संस्थेत जाणार नाही आणि फोनही घेणार नाही, असं ठरलं आहे. लिपिक आणि नवीन लागलेली मुलगी मिळून दारामागच्या कागदावरून संस्था उभी करणार, तेरीज जुळवणार आणि एका व्हाउचरवर सही ताडून बघणार. जिथे अडतील तिथे कागद दुरुस्त करायचा.